वाचनालयाच्या ओट्यावरचा समुद्र

टिपणीसबाई पानाचं नाव आधी कधीच सांगत नसत. कर्जतच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी दुपारी त्यांचं झाडापाल्यावर भाषण असे आणि पहिल्यांदा आलेला माणूस हमखास वैतागे. मीही वैतागलो होतो. मी बार्शीकडचा. पोस्टातल्या नोकरीनं मला कर्जतला आणून टाकलं होतं. आमच्याकडे हिरवं म्हणजे ज्वारी, नाहीतर बाभळ. इथे पावसाळ्यात भिंतीवर, कौलांवर, पोस्टाच्या पेटीवरसुद्धा काहीतरी उगवलेलं असे, आणि त्याची नावं विचारली की लोक "रान आहे हो" म्हणून मोकळे होत. कुणीतरी सांगितलं की नावं पाहिजेत तर टिपणीसबाईंकडे जा. म्हणून गेलो.

गेलो तर बाई काही सांगायलाच तयार नाहीत. एका पितळी ताटात गवतासारखी लांब पानं होती, मुळाशी पांढुरकी. ताट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होतं. "वास घ्या. चुरगळा. बुडखा मोडून बघा. आणि घरी काय म्हणतात ते सांगा," एवढंच बाईंचं चाललं होतं.

"आमच्यात कुलू म्हणतात."

"फोडशी. खालापूरला फोडशीच म्हणतात."

दहिवलीचा तुकाराम म्हणून एक शेतकरी होता, तो मागून ओरडला, "बाई, आमी काय नावानं हाक मारीत नाय तिला. दिसली का उपटतो नि खातो."

बाईंनी तीही गोष्ट फळ्यावर लिहिली. सगळी नावं मोठ्या अक्षरांत, आणि सर्वांत शेवटी, खालच्या कोपऱ्यात, पुस्तकातलं नाव बारीक अक्षरांत. मी उठून विचारलं, "पण यातलं खरं नाव कोणतं?"

"तुम्हाला घरी काय म्हणतात?"

"बंडू."

"आणि पोस्टात?"

"कुलकर्णी."

"मग खरं कोणतं?"

सगळं वाचनालय माझ्याकडे बघून हसलं. त्या दिवसापासून निम्मं कर्जत मला बंडू म्हणू लागलं. टपाल तिकीट मागतानासुद्धा.

बाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. हा काळ साठ सालानंतरचा, कर्जतच्या जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हाचा. सुती पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, आणि हातात कायम पुरुषी मोठी छत्री. ती छत्री पावसात डोक्यावर कमी आणि उलटी जास्त धरलेली असे, कारण वाटेत सापडलेला पाला त्यात टाकायचा. भर पावसात उलटी छत्री घेऊन भिजत चाललेली बाई दिसली की नवखा माणूस थबके. गावाला सवय होती.

बाई मुंबईला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होत्या. शेवटचं वर्ष राहिलं असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथेच संपलं. यजमान अप्पा टिपणीस रेल्वेत, घाट चढताना गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर. लोणावळ्याला गाडी पोचवून इंजिन मोकळं खाली येई तेव्हा ठाकुरवाडीला घडीभर थांबे. तेवढ्यात अप्पा खाली उतरून बाईंसाठी कड्यावरचं काहीबाही तोडून खिशात घालत. एकदा त्यांनी मखमलीसारख्या दिसणाऱ्या शेंगा खिशात घातल्या. ती निघाली खाजकुइली. बिचारे अख्खा घाट खाजवत उतरले आणि लालबुंद होऊन घरी पोचले. बाईंनी गार पाण्याची बादली पुढे ठेवली खरी, पण पहिला प्रश्न विचारला तो असा, "वेल कशावर चढला होता?" अप्पा हा किस्सा स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "आणि गंमत म्हणजे मला ते आठवत होतं!"

बाईंच्या भाषणाची सुरुवात ठरलेली असे. आधी मागच्या भाषणात काय चुकलं ते. नमस्कार-चमत्कार नाही, प्रस्तावना नाही, उभ्या राहिल्या की सरळ, "गेल्या वेळी मी एक चुकीचं सांगितलं." लोक वेळेवर येत ते त्यासाठी. शिकलेल्या बाईची चूक ऐकायला कुणाला आवडत नाही? पण पुढे पुढे लोकांना चुका काढायचीच चटक लागली. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात. बाईंनी सांगितलं होतं की उजेड गेला हे पानांना कळतं म्हणून ती मिटतात. बाजारातल्या एका सोनारानं टाकळ्याचं रोप कुंडीत लावून रात्री कपड्यांच्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि दुसऱ्या दिवशी भर सकाळी किलकिलं करून आत बघितलं. मिट्ट काळोखात पानं उघडलेली. उजेडाचा पत्ता नसताना त्यांना सकाळ कळली होती.

सोनारानं हे भर सभेत सांगितलं तेव्हा तो जरा घाबरलेलाच होता. बाई अक्षरशः टाळ्या वाजवायला लागल्या. "म्हणजे महिनाभर तुम्ही सगळे माझं खोटं ऐकून बसलात! आत घड्याळ आहे हो त्याच्या!" पुढचे आठ दिवस गावातल्या कितीतरी पेट्यांत टाकळा होता. आमच्या पोस्टमास्तरांनी एक रोप तिजोरीत ठेवायचं काढलं होतं, मी हात जोडून अडवलं.

खालापूरहून एस.टी.नं येणाऱ्या जुबेदाभाभी या बाईंच्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी. नवऱ्याचं खालापूरला किराणा दुकान, माहेर मुरुडच्या बाजूला, खाडीकाठी. एका भाषणानंतर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी नेहमी डोंगराचंच सांगता. आमच्या माहेरी दर्यात पण झाडं हायत."

"आणाल?" बाईंनी विचारलं. मला वाटतं दुसऱ्या कुणी त्यांना सोन्याची पाटली देऊ केली असती तरी त्यांचा आवाज तसा झाला नसता.

भाभींनी माहेराहून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून वाळकी चोथ्यासारखी काहीतरी वस्तू आणली. बघून आमची निराशा झाली. बाईंनी एनॅमलच्या परातीत मीठ घातलेलं पाणी घेतलं आणि तो चोथा त्यात सोडला. सोडला आणि तो उलगडायला लागला. तांबडी, केसासारखी बारीक फांदी, तिला आणखी फांद्या, त्यांना आणखी. मग बाईंनी पाण्याखालून जाड कागद हळूच सरकवला आणि अलगद वर उचलला. फांदी जशी पसरली होती तशी कागदावर बसली, गोंद नाही, काही नाही. आपल्याच चिकानं चिकटली होती. कर्जतच्या त्या खोलीत, जिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता, सगळे त्या कागदाभोवती गोळा झाले.

तुकाराम म्हणाला, "बाई, हिची भाजी व्हते का?"

भाभी हसल्या. "भाजी नाय रं, वड्या व्हतात. दुकानात ते पांढरं चायना गवत मिळतं ना? ते असल्याच लाल झाडापासून करतात. आमी रोज्याच्या दिवसांत करतो, दुधात घालून."

इथून पुढे जे झालं ते बाईंच्या स्वभावाला धरूनच झालं. आधी चाखायचं, मग नाव, हा त्यांचा नियम. आषाढ संपता संपता झालेल्या भाषणाला भाभींनी घरून दूध, साखर, वेलची घालून थरथरणाऱ्या पांढऱ्या वड्या करून आणल्या. ताट फिरलं. त्या दिवशी एकादशी होती, हे बाईंच्या डोक्यातच नव्हतं. कुणीतरी विचारलं, "उपासाला चालेल ना हो?" बाई तंद्रीतच म्हणाल्या, "दूध, साखर आणि एक वनस्पती." झालं. उपासकऱ्यांनी आधी हात घातला. वाचनालयाचे अध्यक्ष नाना दातार पहिल्या रांगेत असत, त्यांनी दोन घेतल्या आणि तिसरी नातवासाठी रुमालात बांधली.

मग बाईंनी आनंदानं सांगितलं, की आता तुम्ही जे खाल्लंत ते समुद्रात उगवतं.

नाना दातार म्हणजे मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, सडपातळ, सरळ कण्याचे गृहस्थ. वाचनालयाची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे आणि उपासाच्या बाबतीत तर ते फारच कडक. ते उभे राहिले. रुमाल सोडून वडी ताटात ठेवली. "बाई, समुद्रातलं जिवंत ते सगळं मासळीच. आज एकादशीला तुम्ही मला मासळी खाऊ घातलीत."

"नाना, ते झाड आहे."

"पोवळंही झाडासारखंच दिसतं. ते काय आहे?"

बाईंना मान्य करावं लागलं, की पोवळं किड्यांचं घर.

"बघा!"

"पण मग मीठ? मीठही समुद्रातलंच की."

बाईंना वाटलं आता नाना सापडले. नाना शांतपणे म्हणाले, "म्हणूनच उपासाला आम्ही खाणीतलं शेंदेलोण खातो." सभेत हशा पिकला. बाई स्वतःही हसल्या, कारण उत्तर बिनतोड होतं.

मागून कुणीतरी वड्या कुणाच्या घरच्या, असं कुजबुजायला लागलं. नाना गर्रकन वळले. "ते काढायचं नाही. भाभींच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार समुद्राबद्दल आहे." मग बाईंकडे बघून म्हणाले, "समितीत मला उत्तर द्यावं लागेल. लोकांना न सांगता खायला घातलंत. पुढच्या सभेत हे झाड आहे असं सगळ्यांसमोर सिद्ध करा. नाही झालं, तर या जागेत पुन्हा भाषण नाही."

बाहेरून बघणाऱ्याला यात काय मोठंसं, असं वाटेल. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि हात चालत नव्हता. म्हणाल्या, "अप्पा घाटात गाड्या चढवतात. तुम्ही पत्रं पोचवता. माझं म्हणून काय आहे हो? महिन्यातली एक दुपार. तेवढी गेली तर मी नुसती पाला गोळा करणारी खुळी बाई." अप्पांनी ऐकलं आणि ते चहा टाकायला उठले. मला फार वाईट वाटलं.

सिद्ध करायची रीत बाईंना ठाऊक होती. हिरवं झाड उन्हात पाण्याखाली ठेवलं तर त्यातून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात, सावलीत नेलं की थांबतात. मासळी असलं काही करत नाही. तेव्हा जिवंत शेवाळ पाहिजे, समुद्राचं पाणी पाहिजे आणि ऊन पाहिजे. पहिल्या दोन्हींची जबाबदारी भाभींनी घेतली. त्यांचा भाऊ उस्मान रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात खडकावरचं हिरवं शेवाळ आणि खारं पाणी घेऊन निघाला. पण डबा नीट धुतलेला नव्हता. खालापूरला पोचेपर्यंत आतलं सगळं मेलं आणि असा वास सुटला, की कंडक्टरनं डब्यासकट उस्मानला मागच्या दारात उभं केलं. तो त्याच पावली परत गेला आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी लोणच्याची चिनी मातीची बरणी मांडीवर घेऊन आला. आत आपल्या कोवळ्या अळूच्या पानासारखी, पण पारदर्शक हिरवी पानं डोलत होती.

ऊन मात्र कुणी आणायचं? श्रावणात ऊन-पाऊस खेळतात म्हणे. त्या रविवारी नुसता पाऊसच खेळत होता.

एवढी गर्दी वाचनालयानं कधी पाहिली नव्हती. बाईंनी उजेडासाठी दाराबाहेरच्या ओट्यावर मोठी काचेची बरणी ठेवली. आधी चूक सांगितली, "गेल्या वेळी मी तुम्हाला न विचारता खायला घातलं. ते चुकलं. पुन्हा होणार नाही." नानांनी मान हलवली. मग बाईंनी समजावून सांगितलं, की हे हिरवं आहे, चायना गवत याच्या तांबड्या भावंडांचं, पण दोन्ही समुद्रातलं शेवाळच. ऊन पडलं की काय होईल तेही सांगितलं. आणि चिनी मातीच्या बरणीतलं पाणी शेवाळासकट काचेच्या बरणीत ओतलं.

पानं हलली आणि एकदम त्यांच्यावर चकचकीत बुडबुडे दिसले. कितीतरी. काही सुटून वर आले.

"आले! आले!" तुकाराम ओरडला. मागचे लोक बाकांवर चढले. जुबेदाभाभींनी दोन्ही हात तोंडावर धरले. नानासुद्धा पुढे वाकले आणि चष्मा सारखा करून म्हणाले, "खरंच की."

त्या क्षणी बाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच. मी मनात म्हणतही होतो, बाई, गप्प राहा.

"हे नव्हेत," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हे ते बुडबुडे नव्हेत. मी पाणी ओतलं तेव्हा हवा अडकली, ती ही. पानातून सुटतात ते असे नसतात, एकाच ठिकाणाहून दोऱ्यासारखे एकामागून एक येतात. ऊन नाही, तर ते येणार नाहीत." त्यांनी आभाळाकडे बघितलं. "थांबू या थोडं."

थांबलो. भाभींनी आणलेले फुटाणे संपले. मुलं कंटाळून गेली, मग बायका, मग बापये. काळोख व्हायला लागला. शेवटी बाई उभ्या राहिल्या. "नाना, आज सिद्ध झालं नाही."

"झालं असतं हो," नाना हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. "तुम्ही बोलला नसतात तर झालं असतं."

"मग ते सिद्ध झालं असतं का?"

नानांनी चष्मा काढून पुसला. पण शब्द म्हणजे शब्द. त्यांनी जानव्याची किल्ली काढली आणि दाराला कुलूप लावलं. बाई छत्रीत काही न घेता, ती डोक्यावर धरून घरी गेल्या. त्यांनी छत्री सुलटी धरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. बरणी ओट्यावर राहिली. वाचनालयाचा शिपाई ती ओतून टाकायला निघाला तेव्हा नाना त्याच्यावर खेकसले, "राहू दे. कुणाचा तरी जीव आहे त्यात."

त्याच आठवड्यात माझी बार्शीला बदली झाली होती. मंगळवारी सकाळी हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन मी स्टेशनकडे निघालो, वाटेत वाचनालयाचं पुस्तक परत करायचं होतं. पाऊस उघडला होता. ऊन इतकं लख्ख, की डोळे मिटावेत.

नाना दातार ओट्यावर उकिडवे बसले होते. समोर बरणी. ते आपली छत्री उघडून बरणीवर धरत, थोडं थांबत, आत डोकावत, मग छत्री मिटत. पुन्हा उघडत. पुन्हा मिटत. मी जवळ गेलो. छत्री मिटली की पानाच्या एका कडेवरून बारीक मण्यांची सर वर चढायला लागे. छत्री उघडली की हळूहळू मंद होई आणि थांबे.

"बघा," नाना मला म्हणाले. "सावली केली की थांबतं. मी कितीदा तरी करून बघितलं. अहो, हे झाड आहे!" मग जरा सावरून, "एकादशीला चालत नाही ते नाहीच. पण झाड आहे."

रस्त्यावरून भाजीची पाटी घेऊन एक बाई चालली होती, तिला त्यांनी हाक मारली. मग सोनाराला. मग शाळेत निघालेल्या मास्तरांना. "या, इकडे या, आधी नुसतं बघा!" आयुष्यात कधी रस्त्यावर आवाज न चढवलेला माणूस ओट्यावर उभा राहून ओरडत होता. बघता बघता ओटा माणसांनी भरला. बाजारातले, कचेरीतले, कुणी हातातली पिशवी तशीच धरून. नाना प्रत्येकाला पुढे घेत, छत्री उघडत, मिटत, आणि पानातून काय सुटतं ते सांगत. सांगता सांगता त्यांनी जानव्याची किल्ली काढून शिपायाकडे फेकली. "दार उघड रे! बाकं बाहेर काढ!"

कुणीतरी बाईंना सांगितलं असावं. मी स्टेशनच्या वळणावर पोचलो तेव्हा त्या समोरून आल्या, जवळजवळ पळत, हाताला तांदळाचं पीठ तसंच. मला ओलांडून गेल्या, मी दिसलोही नसेन. हमाल घाई करत होता, तरी मी मागे वळून उभा राहिलो, तिथून ओटा दिसत होता.

गर्दीच्या मागे जाऊन त्या थांबल्या. पुढे नानांचं सांगणं चाललं होतं आणि लोक इतके गुंग झाले होते, की बाई आल्यात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनीही कुणाला बाजूला व्हा म्हटलं नाही. उंची बेताची, पुढे सगळी पाठमोरी माणसं. पिठाचा हात समोरच्या खांद्याला लागू नये म्हणून वर धरून, टाचा उंचावून, मान इकडून तिकडून करत त्या ऐकत होत्या, आणि त्यांना काहीसुद्धा दिसत नव्हतं.